यंदा देरिदा येणार नाही

एम.ए. इंग्लिश करते आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःचं इंग्रजी आवरून बसतो आणि मग त्याला एखादा फॉर्म आठवतो. काय वाचता, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारतात ते एवढंच, 'मग आता फाडफाड बोलायला येत असेल?' आणि उत्तराची वाट न पाहता पिशवीतून कागद काढतात. विमा कंपनीला जाणारी पत्रं, मोबाइल टॉवरवाल्यांच्या तक्रारी, पाल्य जुलाबामुळे शाळेत येऊ शकला नाही हे इंग्रजी शाळेच्या बाईंना सभ्य शब्दांत कळवणाऱ्या चिठ्ठ्या, असं आमच्या कॉलनीचं सगळं वाङ्मय सध्या माझ्या हातून जातं. समोरच्या काकांना मुलीकडे कॅनडाला जायचं होतं. व्हिसाच्या अर्जात भेटीचा हेतू लिहायचा होता. काका म्हणाले, 'तुम्ही शेक्सपिअर वाचता, तुम्ही बरोबर लिहाल.' मुलीकडे राहायला गेलेल्या म्हाताऱ्या बापाचं शेक्सपिअरकडे काय होतं ते मी काकांना सांगितलं नाही. अर्ज लिहून दिला. व्हिसा आला. पदवी हातात पडायच्या आधीच कॉलनीने ती मला बहाल करून टाकली.

खरी गोष्ट अशी की एम.ए. इंग्लिशला इंग्रजी शिकवतच नाहीत. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. भाषा तुम्हाला येते असं विद्यापीठ धरून चालतं, येत नाही असं प्राध्यापक धरून चालतात, आणि या दोघांच्या मधे जी जागा उरते तिथे बाकं टाकलेली असतात. आम्ही तिथे बसतो. मिल्टन शिकतो, कोलरिजची कल्पनाशक्ती शिकतो, आणि 'द' कुठे घालायचा हे एकमेकांना हळूच विचारतो.

मी तिथे कशी, तर बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, मग बँकेची परीक्षा पास झाले आणि पुढचं राहिलं. नोकरीभर कर्जप्रकरणं वाचली. तारण, जामीनदार, सातबारा. नोकरी संपल्यावर भजनी मंडळ, योगासनं आणि नातवंडं असे तीन पर्याय समोर होते. नातवंडं अजून नाहीत, आवाज बरा नाही, गुडघे तर त्याहून वाईट. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक कॉलेज आहे आणि त्यात इंग्रजीचा पदव्युत्तर विभाग आहे, म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि भिंतीवर शेक्सपिअर. प्रवेश अर्जावरची जन्मतारीख बघून क्लार्कने विचारलं, 'मुलीचा फॉर्म का?' नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी नोकरीत फक्त थकबाकीदारांकडे पाहत असे.

वर्ग वीसेक जणांचा. निम्मे हजेरीपटावर राहतात, उरलेले बाकावर. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आहेत, त्यांना एम.ए.पेक्षा कॉलेजची अभ्यासिका हवी असते. स्थळं बघणं चालू असलेल्या मुली आहेत. त्यांच्या घरच्यांना एम.ए. 'चालू' असलेलं पुरतं, पूर्ण होण्याची घाई नसते. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत, ते डबा घेऊन येतात आणि डब्याचं वाटप वर्गाच्या पटाप्रमाणे करतात. मला सगळे काकू म्हणतात. सर मॅडम म्हणतात. सर माझ्या मुलाच्या वयाचे. नेट झालेले, सेट झालेले, पीएच.डी. झालेले, फक्त कायम झालेले नाहीत. तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही मिळतील तेव्हा. गणपती-दसऱ्याच्या सुट्टीचा आनंद वर्गात सगळ्यांना होतो, सरांना होत नाही.

हे सर चॉसर शिकवायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, 'लेकरांनो, दिंडी समजा.' लंडनच्या नदीपलीकडे सदर्क म्हणून भाग आहे, तिथे एक खानावळ. तिथे तीसेक जण जमतात आणि कँटरबरीला निघतात. ११७० मध्ये चर्चमध्येच खून झालेल्या टॉमस बेकेटचं तिथे स्थान आहे. गिरणीवाला, सरदार, मठातली बाई, वैद्य, शेतकरी, सगळे एका वाटेने. वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगायच्या. नामदेव महाराजांनी १३५० मध्ये समाधी घेतली तेव्हा हा चॉसर लहान पोरगा होता, म्हणजे आपलं साहित्य किती पुढे होतं बघा, असंही सरांनी जाता जाता घातलं. वर्ग माना डोलवत होता. ज्याचे वडील दिंडीत विणेकरी आहेत तो मुलगा मात्र अस्वस्थ झाला.

'सर, हे लोक घोड्यावरून जातात?'

'हो.'

'आणि गोष्टी सांगायच्या त्या कशासाठी?'

'पैज असते. ज्याची गोष्ट सगळ्यांत चांगली, त्याला परत आल्यावर बाकीच्यांनी जेवण द्यायचं.'

'मग ही दिंडी नाही, सर. आपल्याकडं जेवण आधीच असतं. गावोगावचे लोक हात धरून बसवतात.'

सर थांबले. मग म्हणाले, 'लिहून घ्या रे. हे कुठल्या गाइडात नाही.' आणि खरंच नव्हतं. मी पुढे हौसेने शोधलं. मध्ययुगीन समाज, उपहास, व्यक्तिचित्रण, सगळं होतं; यात्रेकरूंच्या जेवणाची सोय कोण करतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. बाथ गावची ती बाई आली तेव्हा मुली पुढे सरकून बसल्या. पाच नवरे झालेली, तीनदा जेरुसलेमला जाऊन आलेली आणि नवऱ्यांना मुठीत कसं ठेवलं हे चारचौघांत सांगणारी. स्थळं बघणं चालू असलेल्यांपैकी एकीने विचारलं, 'सर, हिच्या घरचं कुणी काही म्हणत नव्हतं?' सर म्हणाले, ते सगळं तिच्या प्रस्तावनेत आहे, परीक्षेला येतं.

शेवटी सरांनी सांगितलं की प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या असा मूळ बेत होता, म्हणजे शंभराच्या वर गोष्टी व्हायला हव्या होत्या; झाल्या चोवीस, त्यातल्याही काही अर्धवट. कँटरबरीला मंडळी पोचलेली पुस्तकात दिसतच नाहीत. विणेकऱ्याचा मुलगा म्हणाला, 'म्हणजे वाखरीलाच संपलं.' आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'सर, चॉसरचापण सिलॅबस पूर्ण झाला नाही!' वर्गाला त्या दिवशी चॉसर आपला माणूस वाटला. मलाही वाटला.

सर शिकवतात मराठीत. उतारा इंग्रजीत वाचतात, मग मराठीत फोडून सांगतात, मग उत्तराचे मुद्दे इंग्रजीत लिहून देतात. बड्या शहरांतल्या कॉलेजात याला नाकं मुरडतील. मीही पहिल्या आठवड्यात मुरडलं होतं. पण हॅम्लेट आईला जाब विचारतो तो प्रवेश सरांनी मराठवाड्याच्या बोलीत उभा केला आणि गुरुजींनी डबा बंद करून ठेवला, तेव्हापासून मी नाकाला काम दिलेलं नाही. लिअरच्या तासाला तर मजाच झाली. राज्य वाटून देणारा बाप, गोड बोलणाऱ्या मुली, वादळात बाहेर पडणं, एवढं ऐकून एक मुलगा म्हणाला, 'सर, ही तर नाना पाटेकरची ष्टोरी.' त्याने 'नटसम्राट' सिनेमा पाहिला होता. सिनेमा २०१६चा, शिरवाडकरांचं नाटक १९७०चं आणि त्यामागचा लिअर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, अशी उलटी वाट सरांनी चालून दाखवली. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'पण नानाने भारी केलंय.' त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

विभागाइतकंच महत्त्वाचं आमचं दुसरं विद्यापीठ कॉलेजच्या फाटकासमोर आहे. झेरॉक्सचं दुकान. दुकानदाराचं शिक्षण मला माहीत नाही; पण मागच्या कैक परीक्षांच्या प्रश्नपत्रिका त्याला तोंडपाठ आहेत. गठ्ठे लावून ठेवलेले असतात, वर सुतळीने बांधलेली चिठ्ठी: 'क्रिटिसिझम, पूर्ण', 'पोएट्री, फक्त महत्त्वाचे', 'ड्रामा, पास होण्यापुरते'. रामजी लालांच्या गाइडांची मूळ प्रत काचेच्या कपाटात असते, ती विकत नाही, तिच्यावरून काढतो. मी समीक्षेचा गठ्ठा मागितला तर त्याने वरची काही पानं उचलून बाजूला ठेवली.

'मॅडम, यंदा देरिदा येणार नाही.'

'का बरं?'

'हिवाळी परीक्षेला येऊन गेला. उन्हाळीला फूको असतो. उगं पानं वाढवू नका.'

'आणि ॲरिस्टॉटल?'

'त्यो कायम.'

अर्थ कधीच हाताला लागत नाही, तो सारखा पुढे ढकलला जातो, असं सांगणाऱ्या तत्त्वज्ञालाच त्याने पुढच्या परीक्षेवर ढकललं होतं. पॅरिसमध्ये यावर परिसंवाद झाला असता. इथे मागे रांग होती.

त्या गठ्ठ्यांतल्या कागदांवर माझा फार जीव आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अशा पिढ्या गेल्यामुळे छापील मजकूर फिका होत गेला आहे आणि समासात कुणी शाईने लिहिलेलं तेवढं ठळक राहिलं आहे. एब्रॅम्सचा साहित्यसंज्ञांचा कोश १९५७पासून जगभर वाचला जातो, त्याची आमच्याकडची पानं अशीच. 'कॅथार्सिस'पाशी कुणीतरी लिहिलंय: 'रडून मोकळं होणे'. निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवण्याविषयी रस्किनने जी तक्रार केली, तिच्यापाशी बाण काढून: 'हिरो रडला की पाऊस'. एका पानावर नुसतंच, 'सर म्हणाले येणार', आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'नाही आलं'. ही माणसं आता कुठे असतील कोण जाणे. कुणी तलाठी झालं असेल, कुणाला दोन मुलं असतील.

त्या 'रडून मोकळं होणे'च्या मागे लागून मी ग्रंथालयात गेले, तर कपाटात विंदा करंदीकरांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' निघालं. तेही १९५७चं. विंदा इंग्रजीचे प्राध्यापक होते हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिथे कपाटासमोर उभं राहिल्यावर कळला. दिवसा वर्गात इंग्रजी, आणि संध्याकाळी मराठीत कविता, काव्यशास्त्र, 'राजा लिअर', आणि वर मुलांसाठी 'एटू लोकांचा देश'. मग मी हिशेब मांडायला बसले. ती सवय सुटत नाही. जी.ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि घरी येऊन मराठी कथा लिहीत. मधल्या वेळात कॉनरॅड रिक्टरच्या अमेरिकन कादंबऱ्यांची 'रान', 'शिवार', 'गाव' करून ठेवत. नेमाड्यांनी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं आणि देशीवाद मांडला. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते आणि त्यांच्या कथा मराठीत. आणखी मागे जावं तर आगरकर. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या सोबतीला हॅम्लेट होता. 'विकारविलसित' या नावाने तो १८८३ मध्ये मराठीत आला. तुरुंगात माणूस जामिनाचा विचार करतो असा माझा बँकेतला अनुभव. आगरकरांनी भाषांतर केलं.

तेव्हा माझं मत असं झालंय की महाराष्ट्रात इंग्रजी साहित्याचा अभ्यास हा बराचसा मराठीचाच उद्योग आहे. पगार इंग्रजीच्या नावावर निघतो, उत्पन्न मराठीच्या खात्यावर जमा होतं. मुंबईने याला अपवाद दिले हे खरं. निसिम इझिकेल किंवा सेंट झेवियर्सच्या युनिस डिसूझा यांनी इंग्रजी शिकवलं आणि कविताही इंग्रजीतच लिहिली, चांगली लिहिली. पण मुंबईची गोष्ट नेहमीच वेगळी धरावी लागते, बँकेतही तिला स्वतंत्र विभागीय कार्यालय होतं.

माझी जाऊ मला म्हणते, 'परक्यांचं साहित्य कशाला या वयात?' तिला मी एकदा सुनावलं. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये आणि इथल्या पोरांनी इंग्रजी कवी परीक्षेसाठी घोकायला सुरुवात केली. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी भाषा आणि साहित्याचा मर्टन प्राध्यापक नेमला गेला १८८५ला, आणि तोही खरा भाषाशास्त्रज्ञ. केंब्रिजला इंग्रजीची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू व्हायला १९१७ उजाडलं. लंडन विद्यापीठाने तेवढी लवकर सुरुवात केली होती. बाकी त्यांच्या जुन्या विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन म्हणजेच विद्या. घरच्या भाषेतल्या कविता काय, त्या सभ्य माणसाने फावल्या वेळात वाचायच्या. हा विषय शिकवण्याचा विषय म्हणून आधी आपल्यावर करून पाहिला, मग तिकडे नेला. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये यावर सबंध पुस्तक लिहून साहेबाचा हेतू सांगितला: धर्म थेट शिकवता येत नव्हता, म्हणून मिल्टन-शेक्सपिअरच्या हातून संस्कार करायचे. एवढं सगळं जावेने ऐकलं आणि म्हणाली, 'म्हणजे आपल्यावर प्रयोग केला. मग तर करूच नये.' तिला एम.ए. न करता वसाहतवादोत्तर समीक्षा येते.

त्या काळात खुद्द वर्ड्सवर्थ कवीचा नातू पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होता. नाव तेच, विल्यम वर्ड्सवर्थ. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला. मला या माणसाविषयी विलक्षण कुतूहल आहे. समोर धोतर-पगडीतली मुलं बसलेली आहेत, बाहेर मुळा-मुठेचा काठ, आणि हा माणूस कविता शिकवतोय. आजोबांची कविता आली की काय करत असेल? कौतुक करावं तरी पंचाईत, गाळावी तरी पंचाईत. आणि पेपर तपासताना एखाद्या पुणेकराने आजोबांच्या कवितेत दोष दाखवलेला असणारच. पुणेकर तेव्हाही पुणेकरच होते.

परीक्षा उन्हाळी. आमच्याकडे तिला उन्हाळी म्हणतात ते फार जपून ठेवलेलं नाव आहे. एप्रिल-मे, पत्र्याच्या शेडमध्ये वाढीव बाकं, पंखा आहे पण वीज तिच्या मर्जीने. एलियटचं 'द वेस्ट लँड' १९२२चं. त्यात कवी पहिल्याच ओळीत एप्रिलवर घसरतो. तिकडे तो वसंत ऋतू, त्यामुळे तिकडच्या वाचकाला धक्का बसतो आणि त्या धक्क्यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आमच्या वर्गाला धक्का बसला नाही. एप्रिल वाईट असतो, पुढे बोला.

त्याच कवितेच्या शेवटी प्रजापतीच्या गोष्टीतला मेघ गडगडतो. बृहदारण्यक उपनिषद. एलियट ते हार्वर्डला लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकताना वाचून आला, त्याने कवितेत घातलं, शेवटी टिपा जोडून आपल्या वाचकांना समजावलं, त्या टिपांवरून गाइडवाल्याने लिहिलं, गाइडावरून झेरॉक्सवाल्याने काढलं, आणि दीड रुपया पानाने ते उपनिषद मराठवाड्यात परत आलं. वर्गात एक भिक्षुकाच्या घरचा मुलगा आहे, सुट्टीत वडिलांबरोबर सत्यनारायण सांगायला जातो. सरांनी त्याला उभं करून तो शेवटचा शांतिपाठ म्हणायला लावला. त्याने सवयीने डोळे मिटून खणखणीत म्हटला, आणि सवयीनेच सगळ्यांनी हात जोडले. गुरुजी प्रसादाची वाट बघतायत की काय असं क्षणभर वाटलं. हाच मुलगा त्या प्रश्नात नापास होता होता वाचला. त्याने एलियटची टीप लिहिलीच नव्हती, वडील सांगतात तो अर्थ लिहिला होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने आमच्या मागे ओजेटी लावलं. ऑन जॉब ट्रेनिंग, दुसरं सत्र, चार क्रेडिट. कॉमर्सवाले सीएकडे जातात, केमिस्ट्रीवाले कारखान्यात. इंग्रजी साहित्याचा जॉब कुठे असतो, हा प्रश्न विभागात दोन दिवस फिरत होता. एक जण मामाच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये गेला. एक जण दैनिकाच्या तालुका कार्यालयात, तिथे त्याला वाढदिवसाच्या जाहिरातींतले फोटो मोठ्या नेत्यापासून लहान नेत्यापर्यंत लावायला दिले. तो म्हणतो, शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांतला सत्तासंघर्ष मला तिथे कळला. माझ्यासाठी सुचवण्यात आलं की ज्या शाखेत मी अधिकारी होते तिथेच प्रशिक्षणार्थी म्हणून जावं, ओळखही आहे. मी नगर वाचनालय निवडलं.

आणि याच वर्षी सर्जनशील लेखनाचा पेपर होता. एक कथा लिहून द्यायची, इंग्रजीत. हल्ली अशा वेळी मुलं मोबाइलला सांगतात आणि मोबाइल लिहून देतो. सर ते पहिल्या परिच्छेदात ओळखतात. एकाला म्हणाले, 'बाळा, हे तुझं नाही. तुझ्या पानात एक तरी 'द' चुकतो.' मुलाने घरी जाऊन दोन 'द' काढून परत आणलं.

एका मुलीची कथा मात्र मी विसरणार नाही. तिची आई बचत गटाची सचिव. तिने सबंध कथा गटाच्या मासिक सभांच्या इतिवृत्तातून लिहिली होती. तारीख, हजर सभासद, गैरहजर सभासद, गैरहजेरीचं कारण, ठराव, सूचक, अनुमोदक. पहिल्या सभेला सगळ्या हजर. दुसरीला एक गैरहजर, कारण ताप. पुढच्या महिन्यात तीच, कारण माहेरी गेली. पुढे पुन्हा ताप. मग दोन सभा नुसतंच 'कारण कळवले नाही'. मग ठराव: सदर सभासदाचे नाव कमी करून जमा बचत तिच्या पतीस परत करावी, सही घ्यावी. सर्वानुमते मंजूर. त्यापुढचा ठराव गटाच्या दफ्तरासाठी लोखंडी कपाट घेण्याचा, आणि त्याच्या रंगावर मात्र पाऊण पान चर्चा. संपली कथा. असली इतिवृत्तं मी कर्जाच्या फायलींना जोडलेली ढिगाने पाहिली आहेत. त्यांत आम्ही परतफेड बघायचो. गैरहजेरीचा रकाना उभा वाचायचा असतो हे मला बँकेने शिकवलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला, प्लॉट स्पष्ट नाही, आणि पास होण्यापुरते गुण. मी तिला म्हटलं, 'अगं, ही मराठीत लिही. दिवाळी अंकाला पाठवू. मराठीत ती किती बसेल बघ, मूळ कागदच मराठी.' ती म्हणाली, 'काकू, मराठीत लिहिलं असतं तर आईनं वाचलं असतं.'

माझ्या हिशेबात हे उत्तर बसत नाही. तिने इंग्रजीत जाऊन कडी लावून घेतली होती आणि तिथे बसून खरं लिहिलं होतं. आगरकर-विंदांच्या खात्यात ही नोंद घालता येत नाही, आणि मी घालायच्या फंदातही पडले नाही. कथा तिच्या वहीत आहे. गुण वाढवून मागायला तिने नकार दिला, कारण फेरतपासणीची फी परत मिळत नाही.

शेवटच्या सत्रात संशोधन प्रकल्प. मी विषय दिला होता झेरॉक्सच्या समासातल्या नोंदींचा. विभागाने तो साहित्यात बसत नाही म्हणून परत केला आणि व्हर्जिनिया वुल्फ घ्या म्हणाले. घेतली. बाई चांगली आहे. तिच्याही मते लिहिण्यासाठी बाईला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड लागतात. हिशेबाची बाजू पाहणारी लेखिका मला पहिल्यांदाच भेटली.

त्या प्रकल्पाचं प्रकरण दाखवायला गेले तेव्हा सरांनी ते बाजूला ठेवलं, दार जरा लोटलं आणि कपाटातून एक फाइल काढली. मला वाटलं नेटचे कागद. कविता होत्या. मराठी. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नसलेल्या, म्हणजे कितीदा तरी उतरवून काढलेल्या.

मी चष्मा नीट केला, तर सर म्हणाले, 'कविता नंतर वाचा, मॅडम. आधी हे बघा.' फाइलीच्या खिशात एका प्रकाशकाचं पत्र होतं. तीनशे प्रतींचा संग्रह, निम्मा खर्च कवीने आधी भरायचा, निम्म्या प्रती कवीने स्वतः विकत घ्यायच्या, मानधनाचा कॉलम कोरा. 'तुम्ही बँकेत होता. हे कितपत योग्य आहे?'

मी पत्राच्या मागेच आकडे मांडले. आधी भरायची रक्कम, विकत घ्यायच्या प्रती, सुटून येण्याची शक्यता, आणि सरांचं तासिकांचं बिल, जे तेव्हा तीन महिने थकलेलं होतं. 'सर,' मी म्हटलं, 'हे प्रकरण आमच्याकडे आलं असतं तर मी पहिल्या पानावरच परत केलं असतं.'

'तेच वाटलं होतं मला,' सर म्हणाले आणि पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, 'तास सुरू व्हायला वेळ आहे. एक-दोन ऐकता का?'

दोन ऐकल्या. दुसरी चांगली होती.